जेट्टीवरची उपरी शिंपली: खरवडायची, गुंडाळायची की औषध सोडायचं?

काळसर, पट्टेदार, बोटाच्या पेराएवढी शिंपली खांबावर घोसाने दिसली की पहिला हात खरवडणीकडे जातो. जरा थांबा. ही मूळची मध्य अमेरिकेकडची. जहाजांबरोबर विशाखापट्टणमला आली, मुंबईच्या गोदीतही रुजली. पावसाळ्यातलं गोडं पाणी पचवते, महिनाभरात वयात येते.

खरवडणं सर्वांत स्वस्त, आणि माझ्या मते पाण्याखाली सर्वांत वाईट. सुटलेली शिंपली मेलेली नसते; नवे धागे काढून दुसरीकडे चिकटू शकते. होडी असेल तर वर ओढा, कोरडी करून खरवडा आणि निघालेला कचरा किनाऱ्यापासून लांब पुरा. खांब मात्र वर ओढता येत नाही.

औषधाची गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या डार्विनची. मार्च १९९९ मध्ये तिथल्या मरीनांत, म्हणजे होड्या लावायच्या गोद्यांत, हीच शिंपली सापडली, काही ठिकाणी चौरस मीटरला वीस हजारांहून जास्त. क्लोरीन आणि मोरचूद ओतून काही आठवड्यांत ती समूळ संपवली. खर्च वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर, आणि आतले बाकीचे जीवही गेले. हे जमलं ते दरवाजांमुळे. डार्विनला भरती-ओहोटीचा फरक सात-आठ मीटरपर्यंत जातो, म्हणून त्या मरीनांना पाणी अडवणारे दरवाजे होते. मुंबईत इंदिरा डॉकला तसे आहेत. करंजा किंवा मिरकरवाड्यासारख्या मासेमारी बंदरांच्या उघड्या पाण्यात औषध पुढच्या ओहोटीला वाहून जाईल आणि मासळी मारेल. तिथे तो विचारच नको.

उरतं गुंडाळणं. खांबाला तळापासून वरपर्यंत जाड प्लास्टिक लपेटून पट्ट्यांनी आवळायचं. कोंडलेल्या पाण्यातला प्राणवायू आतले जीवच संपवतात, मेलेले कुजतात, पाणी काळं पडून सडक्या अंड्यासारखं घाण मारतं. शिंपली तोंड मिटून बरेच दिवस तग धरते, त्यामुळे चार दिवसांत सोडून बघू नका. न्यूझीलंडमध्ये पिक्टनजवळ डिडेम्नम नावाच्या चिकट जीवासाठी असेच खांब गुंडाळले होते. लपेटलेल्या जागी तो मेला, तरी त्या भागातून हटला नाही. म्हणून साखळ्या, टायर, बांधलेल्या होड्यांचे तळ, सगळं आधी मोजा.

पाच-पंचवीस खांब असतील तर मी गुंडाळणंच निवडेन. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी असतो ते दिवस धरा. उधाणाच्या ओढीत पाणबुड्याला प्लास्टिक आवळता येत नाही, आणि जूनच्या लाटेत ते फाटून समुद्रातच जातं.