हलक्या रॉडसाठी ब्रेडेड लाइन : सहा, दहा, पंधरा की वीस पौंड?

मासेमारीसाठी हलका स्पिनिंग रॉड, १००० ते २५०० आकाराचे रील आणि ३ ते १५ ग्रॅमच्या ल्यूर (कृत्रिम आमिषे) असा संच हाताशी असताना त्यावर किती पौंडांची, म्हणजे किती ओढ सोसणारी, ब्रेडेड (धाग्यांची वेणी घातलेली) लाइन भरावी, हा प्रश्न बहुतेक जण ‘मोठा मासा लागला तर?’ या धास्तीपोटी सोडवतात आणि २० किंवा ३० पौंडांची लाइन घेऊन मोकळे होतात. माझे मत वेगळे आहे. अशा संचावर १० पौंडांची धड लाइनसुद्धा निव्वळ माशाच्या ओढीने क्वचितच तुटते, त्यामुळे तुलना प्रामुख्याने जाडीची करावी लागते आणि ताकदीचा विचार त्यानंतर येतो.

हे पटत नसेल तर घरच्या घरी एक प्रयोग करून पाहावा. लाइनचे टोक टांगत्या वजनकाट्याला बांधून काटा खिडकीच्या गजाला अडकवावा आणि आठ-दहा पावले मागे जाऊन मासा खेचतो तसा रॉड वाकवावा. मी हे केले तेव्हा रॉडची कमान झाली, मनगट थरथरू लागले, आता काहीतरी मोडणार असे वाटले. आणि काट्यावर दीड किलोसुद्धा भरले नव्हते. १० पौंड म्हणजे साडेचार किलो. ड्रॅग, म्हणजे ताण वाढला की लाइन सुटू देणारा रीलचा ब्रेक, हाही आपण लीडरच्या (लाइन आणि ल्यूर यांच्यामध्ये जोडलेल्या दोऱ्याच्या तुकड्याच्या) ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्याइतकाच घट्ट करतो, म्हणजे १० पौंडांच्या लीडरवर साधारण १.१ ते १.५ किलो. या साखळीत लीडर, गाठ किंवा बारीक तारेचा गळ यांपैकी एखादी कडी आधी हार मानते. १० पौंडांच्या लीडरमागे २० पौंडांची लाइन भरली, तर ती जादा ताकद माशापर्यंत पोहोचतच नाही.

जाडीचा परिणाम मात्र प्रत्येक फेकीत दिसतो. १० पौंडांची ब्रेडेड लाइन साधारण ०.१५ मिलिमीटर जाड असते, १५ पौंडांची ०.१९ आणि २० पौंडांची ०.२३, तुलनेसाठी, १० पौंडांची साधी नायलॉन मोनो (एकसंध धाग्याची लाइन) ०.२८ मिलिमीटरच्या आसपास भरते. ०.१५ आणि ०.२३ यांतला फरक बोटांना जेमतेम जाणवतो, पण वाहत्या पाण्यात किंवा आडव्या वाऱ्यात जाड लाइनवर दीडपट पृष्ठभागाचा रेटा बसतो, तिला मोठा झोळ पडतो आणि ५ ग्रॅमचे जिग (वजनदार डोक्याची ल्यूर) तळ गाठण्याआधीच बाजूला वाहून जाते. स्पूलवर (रीलमध्ये लाइन गुंडाळली जाते त्या भागावर) मावणाऱ्या लाइनचा हिशेब तर जाडीच्या वर्गाने बदलतो: ज्या स्पूलवर २० पौंडांची १५० मीटर लाइन बसते, त्यावर १० पौंडांची जवळपास ३५० मीटर बसेल.

मग सगळ्यात बारीक लाइनच का घेऊ नये? ६ किंवा ८ पौंडांची लाइन १ ते ५ ग्रॅमच्या ल्यूरला खरोखर दुसरा पर्याय ठेवत नाही. एवढे हलके वजन जाड लाइन ओढत नेऊच शकत नाही. पण तिचे नखरेही तितकेच असतात. स्पूल काठोकाठ भरले असेल किंवा लाइन सैल गुंडाळली गेली असेल, तर फेकीच्या वेळी एकदम चार-पाच वेढे निसटून असा गुंता होतो की तो नखाने सोडवण्यापेक्षा कापलेला बरा. ताणलेल्या अवस्थेत शिंपल्याच्या धारेला किंवा खडकाच्या कडेला नुसता स्पर्श झाला तरी ती जाते. उघड्या पाण्यात, वारा पडलेला असताना ती उत्तम; नवख्या हातात मी ती देणार नाही.

खरी निवड १० आणि १५ पौंडांमध्ये होते. ५ ते १२ ग्रॅमच्या ल्यूरसाठी १० पौंडांची लाइन बहुतेक ठिकाणी पुरते. ती हाताळायला ६ पौंडांच्या लाइनइतकी चिडखोर नसते, गाठ बांधताना डोळ्यांना दिसते आणि फेकीचे अंतरही फारसे घटवत नाही. १५ पौंडांची लाइन घेण्याचे कारण माशाचा आकार नसून तळाची अवस्था असते. बुडालेली झाडे, पाणवनस्पतींचे जाळे, खांब अशा जागी लाइन सतत घासत राहते, आणि थोडी जाड लाइन चार-दोन धागे गमावूनही मासा काठापर्यंत आणते. शिवाय अडकलेली ल्यूर सोडवताना १५ पौंडांच्या लाइनवर जोर देता येतो. बारीक तारेचा गळ थोडा सरळ होऊन सुटतो आणि पक्कडीने पुन्हा वाकवता येतो. हा जोर रॉड वाकवून कधीही देऊ नये. रॉड लाइनच्या रेषेत धरावा आणि लाइन लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून सरळ मागे ओढावे. हाताला गुंडाळलेली ब्रेडेड लाइन बोट कापते.

२० पौंडांची लाइन मी हलक्या संचावर दोनच परिस्थितींत भरेन: ल्यूर १२ ग्रॅमच्या पुढची आणि जागा अत्यंत अडचणीची असेल तेव्हा, किंवा रील बेटकास्टर (फेकीबरोबर स्वतः फिरणाऱ्या आडव्या स्पूलचे) असेल तेव्हा. बेटकास्टरच्या स्पूलवर बारीक लाइन ताण आला की खालच्या वेढ्यांत रुतते आणि पुढच्या फेकीला ल्यूर हवेत अचानक थांबते. तिथे २० पौंड ही चैन नाही, गरज आहे. ३० पौंडांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही, कारण त्या ताकदीला साजेसा रॉड हलका उरतच नाही.

खरेदीच्या वेळी पाकिटावरच्या पौंडांवर फार विसंबू नये. एका उत्पादकाची १० पौंडांची लाइन दुसऱ्याच्या १५ पौंडांच्या लाइनइतकी जाड निघते आणि कित्येक लाइनी छापील आकड्याच्या बऱ्याच वर तुटतात. जपानी पीई (पॉलिएथिलीन) क्रमांक जाडीवर बेतलेला असल्यामुळे मला तो अधिक उपयोगी वाटतो: पीई ०.६ म्हणजे सुमारे ०.१२८ मिलिमीटर, पीई १ म्हणजे ०.१६५ आणि पीई १.५ म्हणजे ०.२०५. पदरांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. आठ पदरी लाइन गोल, मऊ आणि रॉडच्या कड्यांतून आवाज न करता जाणारी असते. चार पदरी लाइन खरखरते, पण तिचा एकेक पदर जाड असल्याने घासणे जास्त सोसते. म्हणून बारीक लाइन आठ पदरी आणि अडचणीच्या जागेसाठी १५ पौंडांची चार पदरी, अशी जोडी मला पटते.

लीडर लाइनच्या छापील ताकदीइतका किंवा थोडा कमीच असावा, म्हणजे तळाशी कायमचे अडकल्यावर तुटायचे ते लीडरपाशी तुटते आणि पन्नास मीटर लाइन पाण्यात राहत नाही. दोन्ही जोडण्यासाठी एफजी गाठ सर्वांत सडपातळ बसते. ती जमत नसेल तर डबल युनी चालते, मात्र ब्रेडेड बाजूला सात-आठ वेढे द्यावेत. गाठ ओली करूनच आवळावी; हा धागा पॉलिएथिलीनचा आहे आणि कोरड्या घर्षणाच्या उष्णतेने त्याला तिथल्या तिथे इजा होते.

एकच स्पूल असेल तर १० पौंड भरावी. दोन स्पूल असतील तर १० पौंड वगळून एकावर ८ आणि दुसऱ्यावर १५ पौंड भरणे अधिक शहाणपणाचे, कारण मग मधली तडजोड करावी लागत नाही. दोन्ही स्पूलवर आधी थोडी मोनो गुंडाळावी, नाहीतर ब्रेडेड लाइनचा अख्खा गठ्ठा स्पूलभोवती घसरत फिरतो आणि ड्रॅग बिघडला असे वाटत राहते. आणि वरची कड दीड-दोन मिलिमीटर मोकळी सोडावी.