खुराड्यासाठी जुनं सामान: पॅलेट, कौलारू घराचं लाकूड की लोखंडी ग्रिल?

आठ-दहा गावरान कोंबड्यांसाठी खुराडा बांधायचा आणि सामान जुनंच वापरायचं, असं ठरवलं असेल तर कोकणात साधारण हे तीन पर्याय हाताशी येतात. तिन्ही मी वापरून पाहिले आहेत.

पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या आणि वाहून न्यायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटी, सगळ्यांत सोपे. एकेक पॅलेट म्हणजे जवळपास तयार भिंत, एका दिवसात सांगाडा उभा राहतो. पण त्यावरचा शिक्का बघून घ्या. एचटी म्हणजे लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते चालेल. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घेऊ नका. शिक्काच नसेल आणि लाकडावर तेलाचे, रसायनाचे डाग असतील तर फुकट मिळालं तरी नको. शिवाय हे लाकूड बहुतेक पाइनचं. आमच्याकडच्या पावसात जमिनीला टेकलेला भाग माझ्याकडे दुसऱ्या पावसाळ्यातच मऊ पडला. फटीही फार, आणि दिवसा त्या फटींत लपून रात्री कोंबड्यांचं रक्त पिणारे माइट झाले की घालवणं कठीण. फटींत दाट चुना भरावा लागतो.

कौलारू घर मोडून स्लॅबचं बांधताना निघालेले वासे, रीपा, दारं, कौलं हा माझा आवडता पर्याय. जुना साग किंवा ऐन वाळवीलाही बराच काळ दाद देत नाही. कौलांखाली एप्रिल-मेमध्ये पत्र्याइतकं तापत नाही. खाली चिऱ्याचे दोन थर दिले की लाकूड ओलीपासून वर राहतं. वजन मात्र भरपूर, दोन माणसं आणि सुताराचा एक दिवस धरून चला. दारांचा जुना ऑइलपेंट सुटत असेल तर तो खरवडून लांब टाका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि कोंबड्या पापुद्र्यांना चोच मारतात.

भंगारातले खिडक्यांचे ग्रिल नि पत्रे सगळ्यांत मजबूत. कुत्रं काही करू शकत नाही. पण ग्रिलच्या गजांमधून मुंगूस सहज आत येतं, आणि नुसता पत्रा उन्हात भट्टी होतो. वर गवताचा किंवा झावळ्यांचा जाड थर हवाच. सिमेंटचे जुने पत्रे मिळाले तर ते कापू नका. त्यात ॲसबेस्टॉस असू शकतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. भिंती जुन्या असू द्या, जाळी नवीच घ्या. माझ्या पहिल्या खुराड्याला मी पातळ षटकोनी कोंबडीजाळी लावली होती. कुत्र्यांनी एका रात्रीत ती कोपऱ्यातून ओढून फाडली. सात कोंबड्यांपैकी सकाळी दोन उरल्या होत्या, त्याही जखमी. ती सकाळ अजून डोळ्यांसमोरून जात नाही. षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंच चौकटीची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी, घ्या. तिच्यातून धामण, मुंगूस, घूस कोणीच येत नाही. ती नुसत्या खिळ्यांनी मारू नका. कडेवर रीप ठेवून स्क्रूने आवळा. खालची कड बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून मातीखाली दाबा. घूस भिंतीला लागूनच उकरायला घेते आणि जाळीवर अडते. मुंगूस दिवसा येतं, रानमांजर रात्री, त्यामुळे दाराला कडीसोबत कोयंड्यात अडकवायची खीळही लावा.

हवेची फट वरच्या बाजूला, बसायच्या दांडीच्या वर ठेवा, तिलाही तीच जाळी. दांडीवर कोंबडीमागे 8 ते 10 इंच जागा पुरते.

स्वतःची जागा असेल तर मी डोळे झाकून जुन्या घराचं लाकूड घ्या म्हणेन, जाळीचा खर्च धरूनही. लोखंड तिथे, जिथे कुत्र्यांचा उपद्रव फार आहे आणि वर सावलीचं झाड आहे. भाड्याच्या जागेत असाल तर मात्र पॅलेट, कारण जागा सोडताना स्क्रू काढून भिंती सुट्या करता येतात आणि खुराडा टेम्पोत घालून नेता येतो.