लेझर वेल्डिंगसाठी अबॅकस: सॉल्व्हर दणकट, पण चूक दाखवत नाही

लेझर वेल्डचं तापमान काढायला अबॅकस/स्टँडर्ड (Abaqus, फायनाइट एलिमेंट पद्धतीने गणित सोडवणारं सॉफ्टवेअर) घ्यावं का? घ्यावं. फक्त एक लक्षात ठेवा: गणित अडलं की अबॅकस थांबतं, चुकलं तर मात्र गप्प बसतं. रन 'कम्प्लीटेड' झाला म्हणजे उत्तर बरोबर आलं असं नाही.

चुकीची सगळ्यात ओळखीची खूण म्हणजे २५ अंशांवरची प्लेट किरणाच्या पुढच्या बाजूला १०-१२ अंशांवर दिसते. लेझरने लोखंड गार झालेलं कुणी पाहिलंय? दोष मटेरियलचा नसतो, टाइम इन्क्रिमेंट (गणितातलं वेळेचं एक पाऊल) मेशच्या, म्हणजे प्लेटच्या छोट्या तुकड्यांत केलेल्या विभागणीच्या, मानाने फार लहान पडलेला असतो. सेकंड ऑर्डर एलिमेंटसाठी (एलिमेंट म्हणजे मेशचा एक तुकडा; सेकंड ऑर्डरमध्ये कडांच्या मध्यावरही बिंदू असतात) मॅन्युअलमध्ये मर्यादा दिली आहे: घनता × विशिष्ट उष्मा × एलिमेंटच्या लांबीचा वर्ग, भागिले उष्णतावाहकतेची सहापट. इन्क्रिमेंट याहून मोठा हवा. स्टीलला एसआय एककांत घनता ७८००, विशिष्ट उष्मा ६००, वाहकता २५ धरली तर ०.४ मिमी एलिमेंटला ही मर्यादा ५ मिलिसेकंद येते. ५० मिमी/सेकंद वेगाने किरण तेवढ्या वेळात पाव मिलिमीटर सरकतो, आणि किरणाची त्रिज्याच ०.३ मिमी! म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. वेल्डच्या पट्ट्यात ०.१ मिमी मेश केला की मर्यादा ०.३ मिलिसेकंदांवर उतरते आणि १ मिलिसेकंदाचा इन्क्रिमेंट दोन्हीकडून बसतो. त्याहून सोपं म्हणजे डीसी३डी८ (DC3D8) हे फर्स्ट ऑर्डर, म्हणजे फक्त कोपऱ्यांवर बिंदू असलेलं, एलिमेंट घ्या. त्यात उष्मा साठवण्याचं गणित कोपऱ्यांवर होतं, त्यामुळे तापमान असं खालीवर उड्या मारत नाही. वितळण्याचा सुप्त उष्मा (तापमान न वाढता वितळण्यात खर्च होणारी उष्णता) असला की फरक लगेच दिसतो.

ऑटोमॅटिक इन्क्रिमेंटवर विसंबू नका. कमाल इन्क्रिमेंटचा रकाना मोकळा सोडला तर किरण टप्प्याटप्प्याने उडी मारतो आणि सलग वेल्डऐवजी ठिपक्यांची माळ मिळते. उलट डेल्टीएमएक्स (DELTMX, एका इन्क्रिमेंटमध्ये चालणारा तापमानाचा कमाल बदल) ५० अंश ठेवलात, तर काही मिलिसेकंदांत हजार अंश चढणाऱ्या नोडपायी (मेशच्या बिंदूपायी) इन्क्रिमेंट कापत कापत किमान मर्यादेखाली जातो आणि रन मरतो.

उष्णतास्रोत डीफ्लक्स (DFLUX) सबरुटीनमध्ये, म्हणजे अबॅकसला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, स्वतः लिहावा लागतो, म्हणजे फोरट्रान कंपायलर आलाच. त्यात टाइम(१) हा स्टेपचा (विश्लेषणाच्या एका टप्प्याचा) वेळ आणि टाइम(२) एकूण वेळ. वेल्ड दोन स्टेपमध्ये तोडून टाइम(१) वापरलात, तर दुसऱ्या स्टेपला किरण गुपचूप आरंभबिंदूवर परत जातो. मिमी-टन-सेकंद पद्धतीत पॉवर मिलिवॅटमध्ये द्यायची: १ किलोवॅट म्हणजे १० लाख. विशिष्ट उष्मा ५०० असेल तर ५ × १०^८ लिहायचा, आणि स्टेफान-बोल्ट्झमन स्थिरांक (किरणोत्सर्जनाने जाणाऱ्या उष्णतेसाठी) ५.६७ × १०^−११. पॉवर वॅटमध्ये लिहिली गेली तर धातू वितळतच नाही, आणि मग लोक उगाच शोषणांक वाढवत बसतात.

सुप्त उष्मा देणं सोपं आहे: आकडा, सॉलिडस (वितळायला सुरुवात होते ते तापमान), लिक्विडस (पूर्ण वितळतं ते तापमान). ३०४ स्टीलला १४०० ते १४५५ अंश ठीक. शुद्ध धातू म्हणून २-३ अंशांचीच फट ठेवलीत, तर प्रत्येक इन्क्रिमेंटला इटरेशन (उत्तर जुळवण्याच्या फेऱ्या) संपतात. फट थोडी रुंद करावी. वितळल्यावर वाहकता दुप्पट-तिप्पट करणाऱ्यांनी अनसिमेट्रिक सॉल्व्हर (असममित समीकरणांसाठीचा पर्याय) चालू करावा.

खरी मर्यादा वेगळीच आहे. यात द्रवाचा प्रवाह नाही आणि बाष्पीभवनही नाही, त्यामुळे मध्यभागी ४००० अंश दिसले तरी ते भौतिकदृष्ट्या निरर्थक. लोखंड २८६२ अंशांनाच उकळतं. कीहोलसाठी (किरणाने धातूत पाडलेल्या खोल, अरुंद पोकळीसाठी) दुहेरी लंबगोल स्रोतापेक्षा शंकूसारखा स्रोत घ्या आणि तो कापलेल्या नमुन्यातल्या वेल्डच्या रुंदी-खोलीशी जुळवा.

फुकटची लर्निंग एडिशन १००० नोडपर्यंतच चालते. ०.१ मिमी मेशचं त्रिमितीय वेल्ड त्यात मावणार नाही. डीफ्लक्सचं लिहिणंही तिथे शिकता येत नाही, कारण त्या आवृत्तीत यूझर सबरुटीन चालत नाहीत.