क्रेडिट कार्डवर ७१ हजारांचा फ्रॉड: बँकेची सेवा कशी होती आणि नंबर नेमका कुठून गेला ते कसं सापडलं

रेटिंग विचाराल तर बँकेला पाचपैकी दोन, १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला चार. बँकेचं नाव लिहीत नाही, मोठी खाजगी बँक आहे, बेळगावात ब्रँच आहेत, एवढं पुरे. मी उद्यमबागमधल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स बघते, बावीस वर्षं झाली, दुसऱ्यांचे हिशोब जुळवणं हाच माझा धंदा आणि माझ्याच कार्डाचा हिशोब असा बिघडला म्हणून सविस्तर लिहितेय.

मार्चमधला रविवार. सकाळी सव्वासहाला दूध तापत ठेवलं आणि मोबाईल बघितला तर रात्री २.४१, २.४३ आणि २.४८ असे तीन मेसेज. २४,८६० रुपये, परत २४,८६०, मग २१,५२०. कुठल्यातरी परदेशी वेबसाईटवर डॉलरमध्ये. कार्ड माझ्या पर्समध्ये, पर्स कपाटात, ओटीपी एकही आलेला नाही. हात थरथरायला लागले, दूध उतू गेलं ते आमच्या ह्यांनी येऊन बंद केलं.

आधी कस्टमर केअर. भाषा निवडायला इंग्लिश, हिंदी, कन्नड, मराठी नाहीच, पत्ता कर्नाटकातला म्हणून असेल. मला कन्नड चालतं, ऑफिसात रोज बोलते, पण माझ्या सासूबाईंचं कार्ड असतं तर त्या माउलीनं काय केलं असतं? वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, खानापूर भागात कितीतरी घरांत मराठीच बोलतात आणि कार्डं सगळ्यांना विकलीत, विकायला आलेला पोरगा मात्र छान मराठी बोलत होता. कार्ड ब्लॉक करायचं बटण चौथ्या मेनूत आहे, माणसाशी बोलायला १४ मिनिटं लागली. बोलणारी मुलगी मात्र चांगली होती, कार्ड ब्लॉक केलं, तक्रार नंबर दिला. तो नंबर आणि वेळ लगेच वहीत लिहिली, पुढं त्या वेळेनंच मला वाचवलं.

मग १९३०. दुसऱ्या प्रयत्नात लागला, कन्नडमधून बोलले, मी अडखळले तर मराठी-हिंदी मिसळून समजून घेतलं, व्यवहाराची वेळ, रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे घेतले आणि पोचनंबर मेसेजवर आला. सहानुभूतीनं बोलले, "तुम्हीच ओटीपी दिला असणार" असं कोणी म्हणालं नाही, त्या सकाळी त्याचीच गरज होती. सोमवारी हाफ डे टाकून सीईएन पोलीस ठाण्यात गेले, सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे तिथं बघतात. तक्रार कन्नडमध्ये टाइप झाली, पण सही करायच्या आधी तिथल्या हवालदारांनी ओळ न् ओळ मराठीत सांगितली. स्टेटमेंटची प्रिंट, मेसेजचे स्क्रीनशॉट, आधारची झेरॉक्स घेऊन जा म्हणजे दोन खेपा होत नाहीत.

आता बँकेचं खरं रूप. ब्रँचमध्ये गेले तर "क्रेडिट कार्ड डिपार्टमेंट वेगळं आहे मॅडम, आमच्याकडं काही दिसत नाही". डिस्प्यूट फॉर्म ईमेलनं पाठवला. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणीतरी घोटाळा केलाय, आणि ग्राहकानं तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती जमा करायची, नव्वद दिवसांत निकाल लावायचा, आणि ग्राहकाची चूक आहे असं म्हणायचं असेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. मी तर चार तासांच्या आत कळवलं होतं. तरी तात्पुरती रक्कम सोळाव्या कामाच्या दिवशी आली, तीही माझ्या तिसऱ्या मेलनंतर. मधे बिल आलं त्यात फ्रॉडचे ७१,२४० धरलेले. मी माझ्या खऱ्या खर्चाचे ६,३१८ भरले, तर मिनिमम ड्यूपेक्षा कमी म्हणून लेट फी ७५० आणि त्यावर जीएसटी १३५. वाद चालू असलेल्या फ्रॉडच्या रकमेवर निकाल लागेपर्यंत कसलाही चार्ज लावायचा नाही असं रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या क्रेडिट कार्ड नियमांत आहे, हे मी लिहून पाठवल्यावर ८८५ परत आले. ज्याला हे माहीत नाही त्यानं भरलेच असते की.

हे सगळं चालू असताना मला झोप लागत नव्हती ती पैशापायी नाही, नंबर कुठून गेला ह्या विचारानं. बँकेला सहा वेळा विचारलं, उत्तर एकच, "तपास चालू आहे, आपण आपली माहिती कोणाला देऊ नका". अहो पण मी दिली कुठं? जिथून गळती आहे ते भोक सापडलं नाही तर नवीन कार्डाचं पण तेच होणार. मग मी ऑफिसात लेजर जुळवते तसं घरी बसून जुळवलं.

माझं कार्ड डिसेंबरात नवीन आलं होतं, जुन्याची मुदत संपलेली. म्हणजे नवीन मुदत आणि पाठीवरचे नवीन तीन आकडे डिसेंबरनंतरच कुठंतरी गेलेत. स्टेटमेंटवर एकूण ६१ व्यवहार. वहीत एकाखाली एक लिहिले. परदेशी साईटवर पैसे काढायला नंबर, मुदत आणि पाठीवरचे तीन आकडे एवढं लागतं, ओटीपीसारख्या दुसऱ्या पडताळणीची सक्ती आपल्या देशातल्या ऑनलाईन व्यवहारांना आहे, बाहेरच्या साईटनं मागितला नाही तरी व्यवहार होऊन जातो. मग मी वाचलं की कार्डाच्या चिपमधून मशीनला दरवेळी नवा कोड जातो आणि पाठीवर छापलेले तीन आकडे चिपमध्ये नसतातच. म्हणजे पेट्रोल पंप, किराणा, मेडिकल, जिथं जिथं कार्ड माझ्या डोळ्यांसमोर नुसतं टेकवलं किंवा घातलं ते सगळे सुटले, ४४ व्यवहार एका फटक्यात खोडले. राहिले १७. त्यात विजेचं बिल, रेल्वेची तिकिटं, रिचार्ज असे ओळखीच्या साईटवरचे १५, तिथं १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारानं कार्डाचा नंबर साठवून ठेवायचा नाही असा नियम आहे, टोकन म्हणजे बदली आकडे असतात त्याजागी. ते लगेच खोडले नाहीत पण बाजूला ठेवले. उरले दोन, खडेबाजारातलं साडीचं दुकान जिथं पोरगा कार्ड आत घेऊन गेला होता आणि गोव्याच्या वाटेवरचं एक हॉटेल.

आमचे हे म्हणाले साडीच्या दुकानातल्या पोरानंच फोटो मारला असणार. मला पण तसंच वाटायला लागलं आणि दोन आठवडे मी त्या रस्त्यानं गेले की त्या पोराकडं संशयानं बघत होते. आज त्याचं फार वाईट वाटतं. वीस-बावीस वर्षांचं पोर, दसरा-दिवाळीला आमच्याकडच्या सगळ्या बायकांना साड्या दाखवणारं, त्याचा काडीचा संबंध नव्हता.

कारण चाळिसाव्या दिवशी बँकेचं पत्र आलं. तक्रार नामंजूर. समोरच्या व्यापाऱ्यानं माल दिल्याचा पुरावा दिलाय म्हणे आणि तो पुरावा पीडीएफ करून जोडला होता. गेमचे कसले तरी डिजिटल व्हाउचर, तीन ऑर्डर. मी रागानं बंदच करणार होते पण सवयीनं शेवटपर्यंत वाचलं. बिलिंगचं नाव माझं, ईमेल अनोळखी, आणि पत्ता निपाणीचा. माझ्या दादाच्या घराचा पत्ता! गल्लीच्या नावात मी नेहमी करते ती स्पेलिंगची चूक पण तशीच.

बँकेकडं माझा पत्ता बेळगावचा. आधारवर बेळगावचा. निपाणीचा पत्ता माझ्या नावासोबत मी आयुष्यात एकदाच टाइप केलाय. फेब्रुवारीत दादाच्या नातीचं बारसं होतं, मला तिला पाळणा द्यायचा होता, इन्स्टाग्रामवर सागवानी पाळण्याची जाहिरात दिसली, क्लिअरन्स सेल, २,४९९ रुपये, घरपोच. माल सरळ निपाणीला जावा म्हणून दादाचा पत्ता टाकला, कार्डाचा नंबर, मुदत, पाठीमागचे आकडे सगळं भरलं, आणि पान फिरत राहिलं, मग "पेमेंट फेल, दुसरं कार्ड वापरा". मी म्हटलं जाऊदे, पैसे काही गेले नाहीत, आणि विसरून गेले. पैसे गेले नाहीत म्हणून तो व्यवहार स्टेटमेंटवर नाही, म्हणून माझ्या ६१ च्या यादीत नाही! पैसे घ्यायचेच नव्हते त्यांना त्या दिवशी, नंबर हवा होता. साईट बघितली तर बंद झालेली, पण नाव कधी नोंदवलं ते इंटरनेटवर कुणालाही बघता येतं, जाहिरात मला दिसली त्याच्या फक्त ११ दिवस आधी.

मग बाकीचं आपोआप उलगडलं. फ्रॉडच्या नऊ दिवस आधी ८७ रुपयांचा एक परदेशी व्यवहार होता, मी तो बघितलेला, मुलीनं कसलं तरी ॲप घेतलं असेल म्हणून सोडून दिला होता. कार्ड चालतंय का बघायला आधी असा एखादा डॉलर काढतात, कुणी बोलत नाही म्हटल्यावर मोठा हात मारतात. आणि परदेशी व्यवहार चालू कसे होते? जानेवारीत मुलीच्या जर्मनीतल्या कॉलेजच्या अर्जाची फी युरोत भरायला ॲपमधलं ते बटण मीच चालू केलं होतं, परत बंद केलं नाही. २०२० पासून हे बटण आणि त्याची लिमिट आपल्या हातात आहे, ग्राहक कधीही चालू-बंद करू शकतो. बँकेनं मात्र एकदाही आठवण करून दिली नाही, रोज लोनचे मेसेज पाठवतात, हा एक पाठवायला काय झालं होतं?

दुसऱ्याच दिवशी बँकेच्या प्रिन्सिपल नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याला, मेल केला. पत्ता बँकेत नोंदवलेल्या पत्त्याशी जुळत नाही, ईमेल माझा नाही, ओटीपी नाही, चार तासांच्या आत कळवलंय, पोलीस तक्रार आणि १९३० चा नंबर जोडलाय, माझी चूक असेल तर ती सिद्ध करा, नाहीतर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाते. आता तीस दिवस उत्तर आलं नाही किंवा तक्रार फेटाळली तर तिथं ऑनलाईन तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही, १४४४८ वर फोन करून माहिती पण विचारता येते. मला जावं लागलं नाही, सात दिवसांत नोडल ऑफिसातून स्वतः फोन आला, त्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि ७१,२४० कायमचे माझ्या बाजूनं केले. बँकेला दोन स्टार आहेत त्यातला एक त्या बाईंचा आणि दुसरा पहिल्या दिवशीच्या फोनवरच्या मुलीचा.

पण स्टेटमेंट तपासलं तर परदेशी व्यवहाराचा साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, २,४९३.४० आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी ४४८.८१ तसाच ठेवलेला. मूळ व्यवहारच माझा नाही तर त्याचा मार्कअप माझा कसा? परत मेल, परत दहा दिवस, मग २,९४२.२१ आले. तुमचे पैसे परत आले तरी खालच्या बारीक ओळी बघा, मार्कअपची वेगळी एंट्री असते आणि ती कुणी आपणहून परत करत नाही.

सीईएन ठाण्यात परत जाऊन पाळण्याच्या साईटचं नाव, जाहिरातीचा स्क्रीनशॉट (मुलीनं दादाला आवडतो का विचारायला तेव्हा व्हॉट्सॲपवर पाठवलेला म्हणून सापडला) आणि ती पीडीएफ देऊन आले. साडीच्या दुकानात पण गेले, त्या पोराकडून दोन साड्या घेतल्या, कार्ड मशीनपाशी उभं राहून मीच टेकवलं. पाळणा दादानं तिथंच निपाणीत सुताराकडून करून घेतला.

मागच्या गुरुवारी ऑफिसातल्या एका मुलीनं मोबाईल दाखवला, मॅडम हा पाळणा बघा की, किती स्वस्त. तोच फोटो, तीच खिडकी मागं, साईटचं नाव नवीन, किंमत आता २,२९९. तिनं नंबर टाकला नव्हता अजून. तिथंच बसून सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर संशयित साईट कळवायची सोय आहे तिथं दोघींनी मिळून नोंद केली, आणि आमच्या गल्लीच्या, भजनी मंडळाच्या, माहेरच्या सगळ्या ग्रुपवर तो फोटो टाकला.