मार्टशी टक्कर: सूट, उधारी की घरपोच?

मावसभाऊ पारोळ्याला किराणा दुकान टाकतोय आणि दोन महिने झाले त्याचा एकच घोळ चाललाय, सूट देऊ, उधारी देऊ की घरपोच सुरू करू. आमचं अमळनेरला दुकान, तिन्ही करून हात पोळून झालेत, म्हणून लिहितोय.

सूट आधी, कारण सगळ्यांना तीच सोपी वाटते. पॅकिंगच्या मालात, म्हणजे साबण, बिस्कीट, चहापत्तीत शंभराला १० रुपये सुटतात असं धरा. ३ टक्के सूट दिली की हातात राहिले ७, म्हणजे आधी १०० च्या मालावर जे कमवत होतो तेवढंच कमवायला आता १४३ चा माल खपवायला लागतो. एका दिवाळीला आम्ही हे केलं, गल्ला फुगलेला बघून खूश झालो आणि भाऊबीजेनंतर हिशोबाला बसलो तर उरलं गेल्या वर्षीपेक्षा कमीच. मार्टवाला कंपनीकडून गाडी भरून उचलतो, आपण होलसेलवाल्याकडून पेटी आणतो, भावात त्याच्याशी काय भिडणार. आणि सूट बघून आलेलं गिऱ्हाईक उद्या दुसऱ्याची सूट बघून जातंच.

उधारीचं तसं नाही. आपल्याकडे कापसाचा पैसा दिवाळीच्या मागेपुढे हातात येतो, तोवर "लिखी ठेव भो" चालूच असतं, आणि मार्टातली काउंटरवरची पोरगी काही लिहून ठेवत नाही. इथे आपलं पारडं जड. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. एक काका रोज यायचे, पोत्यावर बसून पेपर वाचायचे, खातं हजार-बाराशेला होतं तोवर सगळं झकास. चार हजारांवर गेलं तसं त्यांनी दुकानासमोरून जाणंच सोडलं, मागच्या गल्लीने सायकल, आणि एक दिवस त्याच सायकलला मार्टची पिशवी लटकलेली दिसली, रोखीची! आपल्या उधारीनेच आपलं गिऱ्हाईक तिकडे धाडलं. म्हणून उधारी द्या, पण घर बघून दीड-दोन हजारावर थांबा, राग आला तरी चालेल, तोंड चुकवायची वेळ येऊ देऊ नका. हजार बुडाले तर ९०० ची खरेदी गेली, ती भरून काढायला ९,००० ची विक्री लागते. अजून एक, मुदतीच्या कायद्याने (१९६३ चा) दिलेल्या मालाचे पैसे कोर्टातून मागायला ३ वर्षं मिळतात, पण ती संपायच्या आत बाकी मान्य असल्याची लेखी सही घेतली तर मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. वहीत नुसता आकडा नको, खाली सही घ्या. कोर्टात कोण जातंय म्हणा, पण सही केलेला माणूस जरा लवकर आठवण ठेवतो.

घरपोचला मी सुरुवातीला हसलो होतो, हाकेच्या अंतरावर कसलं घरपोच. मग मे महिना आला, पारा ४३-४४ ला, दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर नाही आणि मार्ट गावाबाहेर. व्हॉट्सअॅप बिझनेस फुकट आहे, त्यात मालाचे फोटो भाव टाकून लावता येतात. एकच मेसेज सगळ्यांना एकदम धाडायची जी ब्रॉडकास्ट लिस्ट असते, त्या एका लिस्टमध्ये २५६ च नंबर बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणून बिल देताना तिथेच सेव्ह करून घ्यायचा. खर्च पोराचा आणि पेट्रोलचा. एका दह्याच्या पिशवीसाठी गाडी पळवाल तर मेलात, आम्ही ३०० च्या वरच नेतो, सकाळी ११ ला एक फेरी, संध्याकाळी ६ ला एक.

पण घरपोच जमतं ते सुट्या मालावर, हे भाऊ ऐकतच नाही. साबण कुठलाही सारखाच, दादर (आपल्याकडची ज्वारी) सारखी नसते. आमची आई दादर मूठभर हातावर घेऊन फुंकर मारून दाखवते, खडा निघाला तर पोतं परत. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी पापडाची उडीद डाळ न्यायला बाया तिच्याकडेच येतात, कारण कोणाचे पापड लाल पडले हे तिला पाठ असतं. एकदा डाळ मनासारखी मिळाली की वर्षभर फोनवरच ऑर्डर येते, भावही कोणी विचारत नाही, आणि सुट्या मालात पॅकिंगपेक्षा सुटतंही जास्त.

तर मी भावाला सांगितलं, घरपोच पहिल्या दिवसापासून, उधारी सहा महिन्यांनी ओळख झाल्यावर, आणि सूट फक्त आखाजीला पापडाच्या सामानावर. त्याने हो हो केलं आणि परवा "भव्य सूट, भव्य सूट" असा दहा फुटी फ्लेक्स छापून आणला. फ्लेक्सवाल्याचं बिल अजून उधार आहे.