कॉलेज बास्केटबॉलच्या आकड्यांची साइट: पैसे वसूल

पुतण्या अमेरिकेत शिकतो. त्याच्या कॉलेजच्या संघाचे सामने मी इंदुरात पहाटे साडेपाचला, पोह्यांच्या आधी बघतो. तिकडे पूर्वेला तेव्हा आदल्या संध्याकाळचे ७ वाजलेले असतात. या हिवाळ्यात आकडेवारीच्या एका साइटचं वर्षाचं सदस्यत्व घेतलं.

नोव्हेंबर-डिसेंबरात संघ आपल्या कॉन्फरन्सबाहेरचे (म्हणजे आपल्या साखळीबाहेरचे) प्रतिस्पर्धी बहुतेक स्वतःच ठरवतात. आमचा संघ तेव्हा जिंकतच सुटला होता, आणि या साइटवर मात्र त्या वेळापत्रकाचा दर्जा पार तळाशी! वाईट वाटलं, पण खरंच होतं. समोरचे सगळे दुबळे, त्यातही घरचं कोर्ट. तिकडच्या कॉलेज खेळांची संघटना एनसीएए, तिची २०१८ पासूनची संघांच्या क्रमवारीची नेट पद्धतही हेच जोखते: पहिल्या ३० मधल्या संघाला घरी हरवणं आणि पहिल्या ७५ मधल्याला त्याच्या कोर्टावर हरवणं, दोन्ही विजय पहिल्याच, म्हणजे सर्वांत मोलाच्या गटात. रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर घाम गाळलेल्या मला हे लगेच पटलं. परक्या कोर्टावर रिंगसुद्धा लहान वाटते.

मोबाइलवर तक्ते फार बारीक दिसतात, लॅपटॉपवरच बघा. पुढच्या वर्षीही सदस्यत्व घेणार आहे.