हार्नेस रेसची ‘आतली शीट’ विकणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका: माझे ₹2,43,279 गेले

आधी आकडे लिहितो, कारण पोलीस ठाण्यात ते कोणी धड लिहून घेतले नाहीत. घोड्यांच्या शर्यतीची ‘आतली’ माहिती म्हणून विकलेल्या शीटची फी ₹2,499. ॲपच्या वॉलेटमध्ये आधी ₹5,000, मग ₹40,000, मग ₹75,000. शेवटी ‘टीडीएस’च्या नावाखाली ₹1,23,780. परत मिळाले ते फक्त ₹3,000, तेही सुरुवातीलाच, विश्वास बसावा म्हणून. ग्रुप, ॲप, वॉलेटमध्ये फुगणारी रक्कम, मग पैसे काढायला गेलं की अडवणूक, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. वेगळं होतं ते आमिष, आणि ते रेस कळणाऱ्या माणसासाठीच बनवलेलं होतं.

पुण्याचा सीझन पावसाळ्यातला. तो संपला की इथल्या रेस खेळणाऱ्यांना मेसेज यायला लागतात: अमेरिकेतल्या हार्नेस रेस, ‘ड्रायव्हर आणि इक्विपमेंट शीट, थेट तबेल्यातून’. या शर्यतीत घोड्यावर जॉकी नसतो. मागे सल्की म्हणजे दोन चाकांची हलकी गाडी असते आणि तिच्यात ड्रायव्हर बसतो. घोडा चौखूर उधळून चालत नाही, ठरलेल्या चालीतच पळायचं. ट्रॉटर तिरके पाय जोडीने टाकतो, पेसर एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो. चाल मोडली की ड्रायव्हरला त्याला ओढून परत चालीवर आणावं लागतं, आणि तेवढ्यात शर्यत हातची जाते.

शीटमधली बरीचशी माहिती खरी होती, हे नीट लक्षात घ्या. पेसरच्या पायांना जे हॉबल्सचे पट्टे असतात ते फार आवळले तर टाप आखूड पडते आणि वेग जातो, फार सैल ठेवले तर घोडा चाल मोडतो. हे बरोबर लिहिलं होतं. मान एका बाजूला वळवणाऱ्या घोड्याला डोक्याशेजारी लावायची काठी म्हणजे हेड पोल, सावलीला बुजणाऱ्याला नाकावर जाड गुंडाळी म्हणजे शॅडो रोल, गुडघ्याला टाप लागत असेल तर नी बूट, हेही बरोबर. अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर एक मैलाच्या शर्यतीत चार वळणं येतात, म्हणून सुरुवातीला आतल्या बाजूचा नंबर मिळालेल्यांना फायदा आणि सात-आठ नंबरवाल्याला बाहेरून जास्त अंतर कापावं लागतं, हेसुद्धा बरोबर. एकाच शर्यतीत दोन घोड्यांवर नाव असलेला ड्रायव्हर शेवटी कोणता घोडा निवडतो ही मोठी खूण, असंही त्यात होतं, आणि ती खरोखरच मोठी खूण आहे. इतकं बरोबर लिहिणारा माणूस भामटा असेल असं कोणाच्या मनात येईल?

पण यातलं काहीही ‘आतलं’ नसतं. अमेरिकेत हॉबल्स नव्याने घालायचे किंवा काढायचे असतील तर शर्यतीच्या जजची परवानगी लागते. स्वीडनमध्ये घोडा नाल काढून पळणार का आणि कोणती गाडी जोडणार, हे शर्यतीआधी जाहीर होतं. मागच्या शर्यतींच्या ओळी छापील कार्डात असतात: ‘एक्स’ म्हणजे चाल मोडली, ‘आयएक्स’ म्हणजे दुसऱ्याच्या अडथळ्यामुळे मोडली, छोटं वर्तुळ म्हणजे बाहेरच्या बाजूने पळावं लागलं. वर्तुळं असूनही तिसरा-चौथा आलेला घोडा आतून पळालेल्या दुसऱ्यापेक्षा अनेकदा सरस असतो. हे ज्याला वाचता येतं त्याला ₹2,499 च्या शीटची गरजच नाही.

ड्रायव्हरच्या रेटिंगचं गणित स्वतः करा. पहिल्या नंबराला 9, दुसऱ्याला 5, तिसऱ्याला 3 गुण. बेरजेला एकूण शर्यती गुणिले 9 ने भागायचं. शीटमध्ये एका ड्रायव्हरच्या नावापुढे 52 शर्यती, 11 पहिले, 8 दुसरे, 7 तिसरे आणि रेटिंग 0.482 असं होतं. बेरीज येते 160, भागायचं 468 ने, उत्तर 0.342. तेही चांगलंच, 0.300 च्या पुढचा ड्रायव्हर चांगला समजतात. पण 0.482 नाही. आणि पाच-सहा शर्यतींवर काढलेलं रेटिंग कोणी दाखवलं तर तिकडे बघूसुद्धा नका.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे अजून झोप लागत नाही. ॲपवर ‘लाइव्ह’ शर्यत दिसायची रात्री दहाला. खाली नाव न्यू जर्सीच्या मेडोलँड्सचं. पडद्यावर काळोखं आभाळ आणि ट्रॅकवर फ्लडलाइट. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. इथे रात्रीचे दहा म्हणजे तिथे दुपारचे साडेबारा! भर दुपारी दिवे कशाला लागतील? तिथली संध्याकाळी सातची शर्यत पुण्यात पहाटे साडेचारला दिसली पाहिजे. म्हणजे जुनं रेकॉर्डिंग लावत होते, निकाल त्यांना आधीच ठाऊक होता, आणि कोणाला किती जिंकू द्यायचं हे तेच ठरवत होते. भरीला भर, शीटमध्ये ‘अर्ध्या मैलाचा ट्रॅक’ छापलं होतं. मेडोलँड्स एक मैलाचा आहे. तिथे घोडे एकच फेरा मारतात, वळणं दोनच. ते दोन फेरे नव्हते हे डोळ्यांना दिसत होतं. पण युरोपातली फुटबॉल मॅच आपण रात्रीच बघतो, परदेशातलं लाइव्ह म्हणजे रात्री हे अंगवळणी पडलेलं असतं. त्यांनी नेमका याचाच फायदा घेतला.

वॉलेटमध्ये ₹4,12,600 दिसायला लागले तेव्हा 30 टक्के टीडीएस आधी भरा म्हणाले. रेसच्या जिंकलेल्या पैशांवर 30 टक्के टीडीएस खरोखर आहे, म्हणून ते पटलं. पण तो पैसे देणारा कापून घेतो. जिंकणाऱ्याने खिशातून आगाऊ भरायचा टीडीएस जगात नाही. ते भरल्यावर ‘करन्सी क्लिअरन्स’चे ₹38,500 मागितले. तिथे हात आखडला.

मग सरकारी खेटे. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन लागला, तक्रार क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. पोलीस ठाण्यात पहिलाच प्रश्न, “सट्टा खेळलात ना?” ज्या खात्यांत पैसे गेले ती परराज्यातली, म्हणून तिकडे जा. का जाऊ? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याची भीती घातली. त्या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला, पैसे फिरवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम 318(4) समोर ठेवलं तरी साहेब मोबाइलमधून मान वर काढेनात. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात, म्हणून ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांबद्दलचं रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक तुम्हाला लागू नाही. बरं, मग दिवसाकाठी शेकडो अनोळखी लोकांचे पैसे जमा होऊन तासाभरात रिकामं होणारं ‘ट्रेडर्स’चं खातं तुमच्या नजरेत का येत नाही? उत्तर नाही. एका खात्यात ₹11,200 गोठवलेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात, आणि गुन्हाच नोंदवत नाहीत तर कोर्टात काय दाखवायचं?

पैसे गेल्याचं कळताच पहिल्या तासात 1930 लावा. यूटीआर म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, यूपीआय आयडी, चॅटचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी, कारण त्यांनी तुम्हाला ग्रुपमधून काढून टाकलं की काहीच दिसत नाही. मेडोलँड्स असो की कुठलाही ट्रॅक, शर्यतीची स्थानिक वेळ आणि आपली वेळ जुळवून बघा.

तक्रार केल्यावर आणखी एक टोळी फोन करते. ‘सायबर सेलमधून बोलतोय, ₹9,999 भरा, गोठवलेली रक्कम सोडवतो.’ त्यांना माझा तक्रार क्रमांक तोंडपाठ होता. तो त्यांच्याकडे गेला कुठून, हे लेखी विचारलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.